कवयित्री इंदिरा संत

इंदिराबाईंचा जन्म १९१४ सालचा. १९४६ मध्ये त्यांचे पती, कवी ना. मा. संत, वारले. पदरी तीन लहान मुले; पण हाती शिक्षण होते. बेळगावात अध्यापन करून त्यांनी संसार सावरला. पुढे त्या अध्यापक प्रशिक्षण महाविद्यालयाच्या प्राचार्या झाल्या. मनातील विरह मात्र छोट्या भावकवितांत उतरला. ‘सत्यकथा’ मासिकात त्या कविता वर्षानुवर्षे येत राहिल्या. ‘गर्भरेशीम’ संग्रहास १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. २००० साली त्या निवर्तल्या. भंडारा जिल्ह्यातील माझ्या बंधूंनो, लग्नासाठी लेकीची शाळा सोडविण्यापूर्वी हे चरित्र आठवा. अडचणीत दागिना मोडावा लागतो, शिक्षण मोडावे लागत नाही.