शरीराचा कौल आणि रघुनाथरावांचा पुरावा

दापोली तालुक्यातील मुरुड हे समुद्रकाठचे गाव महाराष्ट्राला परिचित आहे ते महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्यामुळे. याच गावात १४ जानेवारी १८८२ रोजी महर्षींचे थोरले चिरंजीव रघुनाथ यांचा जन्म झाला. वडिलांच्या वाट्याला उशिरा का होईना, अमाप मानसन्मान आला. मुलाच्या वाट्याला मात्र आयुष्यभर कुचेष्टा, कर्ज आणि कोर्टाच्या पायऱ्या आल्या. संततिनियमनाचे प्रवर्तक म्हणून र. धों. कर्वे यांचे नाव आज आदराने घेतले जाते. पण त्यांचा खरा आग्रह त्याहून व्यापक होता. शरीराविषयी जे काही सांगितले जाते, ते खरे की खोटे हे कोणी आणि कसे ठरवायचे, हाच त्यांच्या साऱ्या कार्याच्या मुळाशी असलेला प्रश्न होता.

हा प्रश्न जुना झाला आहे असे मानण्याचे कारण नाही. हल्ली शहरांमधून ‘होलिस्टिक कायनेसिऑलॉजी’ नावाची एक उपचारपद्धती ऐकू येते. तिचा सारा डोलारा स्नायूंच्या चाचणीवर उभा आहे. रुग्णाने हात खांद्याच्या रेषेत समोर किंवा बाजूला ताठ धरायचा, उपचारकाने मनगटाजवळ तो खाली दाबायचा. हात टिकला तर स्नायू ‘सबळ’, खाली गेला तर ‘दुर्बळ’. मग रुग्णाच्या दुसऱ्या हातात एखाद्या जीवनसत्त्वाची बाटली, गव्हाचे चार दाणे किंवा औषधाची कुपी दिली जाते आणि हात पुन्हा दाबला जातो. हात खाली गेला की तो पदार्थ शरीराला मानवत नाही, असा निष्कर्ष निघतो. काही ठिकाणी तर पदार्थही लागत नाही. नुसता प्रश्न विचारला जातो आणि हाताने हो किंवा नाही म्हणायचे असते.

या पद्धतीचे मूळ अमेरिकेत आहे. डेट्रॉइट येथील कायरोप्रॅक्टर जॉर्ज गुडहार्ट यांनी १९६४ मध्ये तिचा पाया घातला. त्याआधी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बॉस्टनमध्ये पोलिओच्या रुग्णांसाठी स्नायूंची शक्ती हाताने अजमावण्याची रीत विकसित झाली होती. फिजिओथेरपिस्ट ती आजही वापरतात आणि तिचा उपयोग निर्विवाद आहे. मात्र ती रीत स्नायूंविषयीच बोलते. यकृताचे काय बिनसले, कोणते जीवनसत्त्व कमी पडले किंवा दूध पचते की नाही, हे दंडाच्या स्नायूला विचारता येते, ही भर नंतरची आहे.

या दाव्याची परीक्षा झालेली आहे. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात तीन अनुभवी उपचारकांनी ११ व्यक्तींची चार पोषकद्रव्यांसाठी स्वतंत्रपणे चाचणी घेतली. तिघांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळले नाहीत आणि प्रयोगशाळेतील तपासण्यांशीही जुळले नाहीत. कुपीत काय आहे हे रुग्ण आणि उपचारक या दोघांनाही ठाऊक नसेल, तर उत्तरे नाणेफेकीच्या पलीकडे जात नाहीत, असेच नंतरच्या काटेकोर प्रयोगांतही दिसून आले. यात उपचारक लबाड असलाच पाहिजे असे नाही. दाब किंचित वाढतो, क्षणभर आधी पडतो, रुग्णाच्या मनातील अपेक्षा त्याच्या हातात उतरते. आणि यातले काहीच दोघांच्या ध्यानात येत नाही.

कोकणातल्या माणसाला हा प्रकार मुळीच नवा वाटणार नाही. तेथील अनेक देवळांत कौल लावण्याची प्रथा आहे. मूर्तीला ओल्या पाकळ्या किंवा तांदूळ चिकटवायचे, गाऱ्हाणे घालायचे आणि उजवी पडते की डावी याची वाट पाहायची. उजवी पडली तर देवाचा होकार. स्नायूंच्या चाचणीत देवाच्या जागी शरीर आले आणि पाकळीच्या जागी हात आला, एवढाच काय तो फरक. गाऱ्हाणे घालणाऱ्याला उत्तर हवेच असते आणि ते कोणत्या बाजूने हवे हेही त्याच्या मनात असते.

र. धों. कर्वे यांचे निधन गुडहार्ट यांच्या पद्धतीच्या ११ वर्षे आधीच झाले. त्यामुळे त्यांनी तिच्याविषयी काही लिहिलेले असण्याचा प्रश्न नाही. परंतु शरीराविषयीचा कौल आणि शरीराविषयीचा पुरावा या दोहोंमधला भेद मराठी वाचकाला आयुष्यभर समजावून सांगितला तो त्यांनीच.

हा भेद कर्वे घराण्याच्या अनुभवात पूर्वीच येऊन गेला होता. धोंडो केशव तरुणपणी परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्याला डोंगर-घाट तुडवीत पायी गेले. वय पुरेसे असतानाही केवळ लहानखुऱ्या अंगलटीवरून ते अल्पवयीन ठरवले गेले आणि त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. रघुनाथरावांच्या बालपणी याहून मोठा आघात झाला. १८९१ मध्ये त्यांची आई राधाबाई बाळंतपणात दगावली. त्यावेळी ते नऊ वर्षांचे होते. १८९३ मध्ये वडिलांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि मुरुडच्या ग्रामस्थांनी कुटुंबावर बहिष्कार घातला. समाजाचा निकाल किती सहज लागतो आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, हे मुलाने फार लवकर पाहिले.

पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये त्यांचे शिक्षण झाले. १८९९ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि १९०४ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवीधर झाले. वडिलांप्रमाणेच त्यांचा विषय गणित. १९१९ मध्ये गणिताच्या उच्च अभ्यासासाठी ते पॅरिसला गेले. तेथे गणिताबरोबरच संततिनियमनाच्या साधनांची आणि लैंगिक शास्त्रावरील ग्रंथांची त्यांनी माहिती करून घेतली. परतल्यावर १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. भारतातील ते पहिले केंद्र मानले जाते. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र उघडले तेही त्याच वर्षी. १९२३ मध्ये त्यांचे ‘संततिनियमन’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले.

त्यावेळी ते विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. ही मते उघडपणे मांडणारा प्राध्यापक संस्थेला मानवला नाही आणि त्यांना नोकरी सोडावी लागली. पत्नी मालतीबाई यांनी या संपूर्ण वाटचालीत त्यांना साथ दिली. कार्यात अडथळा नको म्हणून मूल होऊ न देण्याचा निर्णय या दांपत्याने घेतला आणि रघुनाथरावांनी स्वतःवर शस्त्रक्रिया करून घेतली. जे लोकांना सांगायचे ते आधी स्वतः करायचे, हा त्यांचा बाणा होता.

जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू झाले. लेखक, संपादक, व्यवस्थापक अशा बहुतेक सर्व भूमिका त्यांच्या एकट्याच्याच होत्या. पदरमोड करून त्यांनी ते अखेरपर्यंत चालवले. मासिकाचा सर्वांत जिवंत भाग म्हणजे वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे. घरात, शाळेत किंवा डॉक्टरांकडेही जे विचारण्याची सोय नव्हती, ते वाचक येथे विचारीत. वीर्यनाशाने शरीर दुबळे होते, अंगातली शक्ती जाते, बुद्धी मंदावते ही समजूत त्याकाळी घरोघरी होती. तिच्या धास्तीने तरुण खंगत आणि त्या खंगण्यालाच समजुतीचा पुरावा मानले जाई. कर्वे यांनी हे वर्तुळ तोडले. भीतीने आलेली दुर्बलता हा भीतीचा परिणाम आहे, तो त्या कल्पनेचा पुरावा नव्हे, ही त्यांच्या उत्तरांची दिशा होती. ब्रह्मचर्याचा महिमा गाणाऱ्यांकडेही त्यांनी पुरावाच मागितला. कृत्रिम साधनांना विरोध करून संयमाचा पुरस्कार करणाऱ्या महात्मा गांधींवर टीका करतानाही ते कचरले नाहीत.

या स्पष्टपणाची किंमत त्यांनी चुकवली. १९३१ मध्ये ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखावरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १०० रुपयांचा दंड झाला. १९३४ मध्ये पुन्हा अटक झाली ती वाचकांना दिलेल्या उत्तरांमुळेच. यावेळी त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले. लैंगिक प्रश्न विचारणाऱ्याला शास्त्रीय उत्तर देणे हा अश्लीलपणा ठरू शकत नाही, या भूमिकेवरून बाबासाहेबांनी युक्तिवाद केला आणि हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधार दिला. खटला हरला, २०० रुपयांचा दंड झाला. परंतु पुढे १९३८ मध्ये बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला. तोही फेटाळला गेला.

कर्वे मात्र लिहीत राहिले. १९३४ मध्ये ‘आधुनिक कामशास्त्र’, १९३८ मध्ये ‘आधुनिक आहारशास्त्र’ आणि १९४० मध्ये ‘वेश्याव्यवसाय’ हे ग्रंथ आले. कामजीवन आणि आहार हे विषय वरवर दूरचे वाटतात. पण पथ्यापथ्याच्या नावाखाली वाटेल ते सांगण्याची सोय या दोन्ही ठिकाणी सारखीच होती आणि आजही आहे. त्यांची सगळीच मते काळाच्या कसोटीला उतरतील असे नाही. तशी अपेक्षा करणे त्यांच्याच बुद्धिवादाला धरून होणार नाही. ते उपचार सांगत, पण त्यामागचे कारणही सांगत. वाचकाला ते तपासून पाहता येई, हे महत्त्वाचे.

१९४४ मध्ये मालतीबाई गेल्या. १९५२ मध्ये स्वतंत्र भारताच्या शासनाने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. ज्या विचारासाठी नोकरी गेली आणि दंड भरावे लागले, तोच विचार सरकारी धोरण झाला. पुढच्याच वर्षी १४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथरावांचे निधन झाले. त्यानंतर महिन्याभरातच ‘समाजस्वास्थ्य’ही थांबले. शतायुषी पित्याला मुलाचा मृत्यू पाहावा लागला. महर्षींना १९५८ मध्ये भारतरत्न मिळाले आणि १९६२ मध्ये त्यांचे देहावसान झाले. रघुनाथरावांची आठवण जागवण्याचे काम पुढे कलावंतांनी केले. अमोल पालेकर यांचा ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट २००१ मध्ये आला आणि ‘समाजस्वास्थ्य’ नावाचे नाटक २०१७ मध्ये रंगभूमीवर आले.

त्यांच्या स्मृतीला उजाळा देताना एक गोष्ट घरी नेण्यासारखी आहे. दाबलेला हात खाली गेला म्हणून कोणी एखाद्या मधुमेही माणसाला गोळ्या बंद करण्याचा किंवा वाढत्या वयाच्या मुलाचे दूध तोडण्याचा सल्ला दिला, तर प्रथम एक साधी मागणी करावी. कुपीवरचे नाव झाकावे, आत काय आहे हे दोघांपैकी कोणालाही कळू देऊ नये आणि चाचणी दहा वेळा घ्यावी. उत्तर दहाही वेळा तेच आले तर विचार करता येईल. ही मागणी करण्यास गणिताचा प्राध्यापक असावे लागत नाही. मुरुडच्या या प्राध्यापकाने २६ वर्षे महिन्यामागून महिना मराठी माणसाला हीच सवय लावण्याचा प्रयत्न केला होता.