नाव विकलं, हात राहिले

जिन्याखाली धूळ खात पडलेली लहानपणीची सायकल एखाद्या रविवारी बाहेर काढली, की घरातली सगळी मंडळी भोवती गोळा होतात. चेन गंजलेली असते, ट्यूब वाळून चिरलेली असते, चाक ‘आऊट’ झालेलं असतं. मग पाने निघतात, ग्रीसचा डबा निघतो, छर्रे एकेक करून पुसले जातात. संध्याकाळी ती सायकल पुन्हा रस्त्यावर येते, तेव्हा नातवापेक्षा आजोबाच अधिक हरखलेले असतात. बंद पडलेली वस्तू आपल्या हातांनी चालती केल्याचा तो आनंद! याच आनंदावर ज्याचं सारं आयुष्य उभं राहिलं, अशा एका माणसाची ही गोष्ट. त्याचं नाव जगभरच्या मोटारींवर आहे. माणूस मात्र फारसा कुणाला ठाऊक नाही. तो माणूस म्हणजे लुई शेव्हरोले.

लुईचा जन्म २५ डिसेंबर १८७८ चा, स्वित्झर्लंडमधल्या ला शो-द-फाँ या गावातला. हे गाव घड्याळांचं. लुईचे वडीलही घड्याळजी. पुढे हे कुटुंब फ्रान्समध्ये बोन या गावी आलं. खाणारी तोंडं बरीच आणि मिळकत बेताची, त्यामुळे लुई लहान वयातच एका सायकलच्या दुकानात कामाला लागला. चाकं सरळ करणं, बेअरिंग बसवणं हेच त्याचं शिक्षण. दुरुस्त केलेली सायकल पळते कशी, हे पाहण्याच्या नादात तो शर्यतींत उतरला आणि त्या जिंकूही लागला. अंगापिंडानं तो दणकट होता आणि वेगाचं वेड त्याच्या रक्तात होतं.

सायकलीवरून मोटारीकडे वळायला त्याला वेळ लागला नाही. पॅरिसला दाराक कंपनीत मोटारीचं इंजिन शिकून तो १९०० मध्ये कॅनडाला आणि तिथून न्यूयॉर्कला गेला. १९०५ साली तिथल्या शर्यतीत फियाट गाडी हाकताना त्यानं मैलाचं अंतर ५३ सेकंदांच्या आत कापलं आणि त्याचं नाव वर्तमानपत्रांत झळकलं. त्याच वर्षी त्याचं लग्न झालं. पुढे तो ब्युइक कंपनीच्या शर्यतींच्या संघात दाखल झाला आणि तिथे त्याची गाठ विल्यम ड्युरंटशी पडली.

ड्युरंट हा जनरल मोटर्स उभी करणारा मोठा धाडसी व्यापारी. १९१० मध्ये कंपनीची सूत्रं सावकार बँकांनी त्याच्या हातून काढून घेतली. त्याला नवा डाव मांडायचा होता आणि त्यासाठी लोकांच्या तोंडी असलेलं एक नाव हवं होतं. ३ नोव्हेंबर १९११ रोजी डेट्रॉइटमध्ये शेव्हरोले मोटर कार कंपनी स्थापन झाली. लुईनं जीव ओतून पहिली गाडी तयार केली. सहा सिलिंडरची, ४.९ लिटर इंजिनाची ‘क्लासिक सिक्स’. गाडी देखणी होती, दणकट होती. पण किंमत होती २,१५० डॉलर! फोर्डच्या मॉडेल टीच्या जवळजवळ तिप्पट.

इथेच दोघांचं बिनसलं. ड्युरंटला सामान्य माणसाच्या खिशाला परवडेल अशी गाडी हवी होती. आपल्या नावाची गाडी हलकी असता कामा नये, हा लुईचा हट्ट. कंपनी सुरू होऊन तीन वर्षं व्हायच्या आतच लुई बाहेर पडला. जाताना त्यानं आपले समभाग विकले आणि मोटारीला आपलं नाव लावण्याचा हक्कही कंपनीकडेच राहिला.

बँकेच्या नोकरीत सह्या पडताळण्यात माझी बरीच वर्षं गेली. घर, शेत, दागिने गहाण टाकणारी माणसं मी पाहिली. सही करताना त्यांचा हात थरथरतो. पण ज्या नावानं सही करायची, तेच नाव लिहून देणाऱ्या माणसाचा हात कसा चालला असेल, हे मला आजही उमगत नाही. आणि व्यवहार म्हणून पाहिलं, तर ड्युरंट चुकला होता असं तरी कसं म्हणावं? १९१५ साली त्यानं ४९० डॉलरची शेव्हरोले जाहीर केली, ती धडाधड खपली आणि त्याच कंपनीच्या जोरावर त्यानं जनरल मोटर्स पुन्हा ताब्यात घेतली. हट्टाची किंमत लुईनं मोजली.

पण हात त्याच्याजवळच होते. ‘फ्राँटेनॅक’ या नावानं तो शर्यतीच्या गाड्या बांधू लागला. १९२० साली इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत त्याचा धाकटा भाऊ गॅस्टन यानं लुईनं घडवलेल्या गाडीत जिंकली. घरात दिवाळी झाली, पण ती सहा महिनेच टिकली. नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या एका शर्यतीत गॅस्टनचा अपघाती मृत्यू झाला. भावाच्या जाण्यानं लुई खचला. पुढच्या वर्षी त्याचीच गाडी इंडियानापोलिसला पुन्हा पहिली आली.

यानंतर त्यानं एक वेगळंच काम केलं. फोर्डच्या साध्यासुध्या मॉडेल टीच्या इंजिनावर बसवता येईल असा नवा सिलिंडर हेड त्यानं काढला. जुनंच इंजिन, पण ताकद कितीतरी वाढलेली. अशीच एक फोर्ड १९२३ साली इंडियानापोलिसला पाचवी आली. साध्या गाडीत पैलवानाचं बळ घालायचं, हीच कल्पना चाळीस वर्षांनी अमेरिकेत ‘मसल कार’ म्हणून गाजली.

विमानाच्या इंजिनांचा धंदाही त्यानं करून पाहिला. १९२९ नंतरच्या मंदीत तो बुडाला. अखेर उतारवयात हा माणूस डेट्रॉइटला शेव्हरोले कंपनीतच नोकरीला लागला. दारावर पाटी स्वतःच्या नावाची आणि आपण पगारी नोकर! ६ जून १९४१ रोजी तो वारला. इंडियानापोलिसला गॅस्टनच्या सोबतीनं त्याला चिरविश्रांती मिळाली.

त्याच्या पहिल्या गाडीची ताकद ४० अश्वशक्ती होती. १९७० सालच्या ‘शेव्हेल एसएस ४५४’च्या सर्वांत तगड्या इंजिनाची ४५० होती. ती पाहायला लुई नव्हता. आज अशी गाडी जुन्या गोदामातून बाहेर काढणारे शौकीन आधी इंजिनावरचा ठोकलेला नंबर पाहतात. इंजिन मूळचंच आहे ना, याची खात्री करतात. मग महिनोन्‌महिने गंज खरवडतात, कार्ब्युरेटर उघडतात, क्रोमला झळाळी आणतात.

आपल्याकडेही हे नाव परकं नाही. १९२८ पासून मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सच्या कारखान्यात शेव्हरोले गाड्यांची जुळणी होत असे. तो १९५४ मध्ये बंद झाला. पुढे आलेल्या नव्या शेव्हरोलेंची विक्रीही २०१७ साली थांबली. म्हणजे इथेही आता नाव उरलं आहे ते जुन्या गाड्या जपणाऱ्यांच्या हातांत.

लुई शेव्हरोलेला यात खेद वाटला नसता, असं मला वाटतं. नावाचा व्यवहार करता येतो, कागदावर सही केली की ते दुसऱ्याचं होतं. हातातली कला मात्र लिहून देता येत नाही. तेव्हा जिन्याखालची ती सायकल या रविवारी बाहेर काढा आणि पाना नातवंडांच्या हातात द्या.