बंद बाटलीचे गुपित

अन्न हे प्राणिमात्राचे जीवन आहे. परंतु हे जीवन मोठे नाशिवंत आहे. उन्हाळ्याच्या दिवसांत सकाळचे दूध सायंकाळपर्यंत नासते. कालचे कालवण आज आंबते आणि झाडावरून उतरलेले फळ चार दिवसांत सडू लागते. सुगीची विपुलता टंचाईच्या दिवसांपर्यंत कशी पोहोचवावी, ही चिंता मनुष्याला फार प्राचीन काळापासून लागून राहिलेली आहे. त्याने तिच्यावर नाना उपाय शोधून काढले. कोणी अन्न उन्हात वाळविले, कोणी मिठात मुरविले, कोणी धुरावर धरले, तर कोणी साखरेच्या पाकात घातले. या उपायांनी अन्न टिकत असे हे खरे. पण त्याची मूळची चव मात्र टिकत नसे. वाळविलेली भाजी चिवट होई, खारविलेले मांस मिठाने कडू होई आणि पाकातील फळाला साखरेखेरीज दुसरी चव उरत नसे.

याचा सर्वांत मोठा जाच होई तो दूरच्या सफरीवर निघालेल्या खलाशांना. महिनोन् महिने खारट मांस आणि दगडासारखी कठीण बिस्किटे खाऊन त्यांना दिवस कंठावे लागत. ताजी फळे व भाज्या न मिळाल्यामुळे त्यांना स्कर्व्ही नावाचा रोग होई. हिरड्या सुजत, दात हलू लागत आणि अनेकांना समुद्रातच मृत्यू येई. अन्न ताजे असावे आणि तरीही वर्षानुवर्षे टिकावे, ही गोष्ट त्या काळी अशक्य कोटीतील वाटत होती. ती शक्य करून दाखविली एका आचाऱ्याने. त्याचे नाव निकोला आपेर.

निकोलाचा जन्म 17 नोव्हेंबर 1749 रोजी फ्रान्समधील शालों या गावी झाला. हे गाव शांपेन प्रांतात आहे. त्याचे वडील एक पांथशाळा चालवीत. वाटसरू येत, जेवत, मुक्काम करीत आणि पुढे जात. मोठ्या विद्यालयात जाऊन शास्त्रे शिकण्याचा योग निकोलाला आला नाही. वडिलांचे स्वयंपाकघर हीच त्याची शाळा आणि तळघर हीच त्याची प्रयोगशाळा. मांस कसे निवडावे, मद्य कसे साठवावे, बाटलीला बूच कसे ठोकावे, या गोष्टी तो लहानपणापासून पाहत व करीत आला. शांपेन प्रांताची फेसाळ द्राक्षमदिरा जगप्रसिद्ध आहे. तिच्यातील वायूचा दाब इतका असतो की, बाटलीची काच जाड असावी लागते आणि बूच तारेने किंवा दोरीने जखडून ठेवावे लागते. घट्ट बुचाचे हे ज्ञान पुढे आपल्या आयुष्याला वळण लावणार आहे, याची त्या मुलाला तेव्हा कल्पनाही नसेल.

तरुणपणी आपेर एका लहानशा जर्मन संस्थानाच्या अधिपतीकडे, ड्यूक चौथा ख्रिश्चन याच्याकडे, नोकरीस राहिला. ड्यूकच्या मृत्यूनंतर त्याने त्याच्या विधवा पत्नीच्या घरी सेवा केली. राजघराण्याच्या मुदपाकखान्यात त्याचा हात चांगला तयार झाला. 1784 साली तो पॅरिसला आला आणि लोंबार नावाच्या रस्त्यावर त्याने मिठाईचे दुकान थाटले. मुरंबे, पाक आणि मिठाया यांचा हा धंदा चांगला चालला. परंतु रोज फळे पाकात घालता घालता त्याच्या मनात एक असमाधान घर करू लागले. साखर फळाला वाचविते, पण फळाचे फळपण हरवते. मग असा उपाय का असू नये की, ज्यात वाचविणाऱ्या वस्तूची चवच मुळी मिसळावी लागणार नाही?

इतक्यात 1789 साली फ्रान्समध्ये राज्यक्रांतीचा वणवा पेटला. आपेरने तीत उत्साहाने भाग घेतला. पण त्या वादळात आजचा पुढारी उद्याचा बंदी होत असे. 1794 साली त्यालाही काही काळ तुरुंगवास भोगावा लागला. सुटका झाल्यावर त्याने राजकारणाला पाठ दाखविली आणि पॅरिसजवळच्या इव्री या गावी राहून आपल्या जुन्या प्रश्नाचा पाठपुरावा सुरू केला. पुढे तो मासी या गावी गेला. तेथे त्याने जमीन घेतली, तीत वाटाणा व घेवडा पिकविला आणि शेताला लागूनच आपला कारखाना उभारला. भाजी तोडल्यापासून बाटलीत जाईपर्यंत जितका कमी वेळ जाईल तितके उत्तम, हे त्याने अनुभवाने ओळखले होते.

त्याची रीत वरवर पाहता फार सोपी होती. जाड काचेच्या बाटलीत तो अन्न भरी. बाटली काठोकाठ न भरता वर थोडी जागा मोकळी ठेवी. कारण उष्णतेने पदार्थ फुगतो आणि जागा नसेल तर बाटली फुटते. मग तो तिला उत्तम प्रतीचे बूच ठोकून बसवी व वरून तारेने आवळी. प्रत्येक बाटली कापडी पिशवीत घालून तो मोठ्या कढईतील पाण्यात उभी करी, कढईवर झाकण ठेवी आणि पाणी उकळवी. कोणत्या पदार्थाला किती वेळ लागतो, हे त्याने वर्षानुवर्षांच्या प्रयोगांनी ठरविले. नंतर बाटल्या निवू द्यावयाच्या. इतके झाले की, आतले अन्न पुष्कळ दिवस जसेच्या तसे राही.

परंतु खरी कसोटी होती ती झाकणाची. बाटलीच्या अरुंद तोंडाला बूच सहज बसे. मांसाचे मोठे तुकडे किंवा अखंड फळे भरावयाची तर रुंद तोंडाची बरणी हवी. आणि तेवढे मोठे बूच आणावयाचे कोठून? बूच ज्या सालीपासून करतात, तिच्यात बारीक छिद्रे असतात. मोठे बूच एकाच तुकड्यातून कापले, तर ही छिद्रे वरून खालपर्यंत आरपार जातात आणि त्यांतून हवा आत शिरते. आपेरने यावर युक्ती काढली. त्याने सालीचे तीन-चार तुकडे माशापासून केलेल्या सरसाने एकावर एक असे चिकटविले की, छिद्रांची दिशा आडवी व्हावी आणि हवेची वाट बंद व्हावी. शिवाय बुचाभोवती चुना व ताजे चीज यांचे मिश्रण लिंपून तो उरलीसुरली फट बुजवी. बुचाच्या बाबतीत काटकसर करणे म्हणजे चार पैसे वाचविण्यासाठी सगळा माल गमावणे होय, असे त्याचे मत होते. एका लहानशा बुचावर त्याने जितका विचार केला, तितका कित्येक लोक आपल्या घरावरही करीत नाहीत.

या बंद अन्नाची परीक्षा लवकरच झाली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रेस्टच्या बंदरात फ्रेंच नौदलाने त्याच्या बाटल्या काही महिने ठेवून मग उघडल्या. आतील रस्सा आणि भाज्या उत्तम स्थितीत निघाल्या. पॅरिसमधील रसिक खवय्ये ऐन हिवाळ्यात हिरवे वाटाणे खाऊ लागले. ग्रिमो द ला रेनिएर या विख्यात खाद्यलेखकाने त्याच्या वाटाण्यांची वाखाणणी केली. तरीही 1806 साली पॅरिसला भरलेल्या औद्योगिक प्रदर्शनात त्याच्या वाट्याला पारितोषिक आले नाही. आपेर निराश झाला नाही. 1809 साली राष्ट्रीय उद्योगांना उत्तेजन देणाऱ्या एका मान्यवर संस्थेने त्याच्या बाटल्यांची परीक्षा करून अनुकूल अभिप्राय दिला आणि प्रकरण सरकारपर्यंत गेले.

आता त्याच्या आयुष्यातील निर्णायक क्षण आला. गृहमंत्री मोंतालिव्हे याने त्याच्यापुढे दोन मार्ग ठेवले. पहिला मार्ग असा की, त्याने आपल्या शोधाचे पेटंट घ्यावे; म्हणजे काही वर्षे ही रीत दुसऱ्या कोणाला वापरता येणार नाही आणि सर्व नफा त्याचाच होईल. दुसरा मार्ग असा की, सरकारकडून 12,000 फ्रँक घ्यावेत आणि आपली सगळी कृती ग्रंथरूपाने लोकांसमोर मांडावी. त्याच्या पदरी कारखान्याचा खर्च होता आणि वयाची साठी उलटली होती. पहिल्या मार्गात संपत्तीची आशा होती. दुसऱ्यात एकदा मिळणारी रक्कम सोडली, तर काहीच नव्हते. आपेरने दुसरा मार्ग पत्करला. ज्या मनुष्याने हवेला शिरकाव मिळू नये म्हणून आयुष्यभर बाटल्यांची तोंडे बंद केली, त्याने आपल्या विद्येचे तोंड मात्र सर्वांसाठी उघडे केले.

1810 साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सर्व प्रकारचे प्राणिज व वनस्पतिज पदार्थ अनेक वर्षे टिकविण्याची कला त्यात सांगितली होती. ग्रंथ पंडितांसाठी नव्हता, गृहिणींसाठी आणि आचाऱ्यांसाठी होता. बाटली कशी पारखावी, बूच कसे ठोकावे, कोणता पदार्थ किती वेळ उकळावा, हे सारे त्याने हातचे न राखता लिहिले. लवकरच या ग्रंथाची इंग्रजी व जर्मन भाषांतरेही झाली.

उघडे केलेले गुपित दुसऱ्यांच्या हाती पडण्यास वेळ लागला नाही. त्याच वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँड याने अशाच रीतीचे पेटंट मिळविले. त्यात काचेबरोबर कथलाचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याच्या डब्यांचाही उल्लेख होता. पुढे ब्रायन डाँकिन आणि जॉन हॉल यांनी ते हक्क विकत घेऊन कारखाना काढला आणि 1813 पासून इंग्रज सैन्याला व आरमाराला डबाबंद मांस मिळू लागले. पत्रा काचेसारखा फुटत नसे, म्हणून दूरच्या प्रवासाला तो अधिक सोयीचा ठरला. इकडे आपेरच्या नशिबी मात्र संकटेच होती. 1814 व 1815 साली नेपोलियनचा पराभव करून शत्रूंच्या फौजा फ्रान्समध्ये शिरल्या आणि त्या धामधुमीत मासीचा कारखाना उद्ध्वस्त झाला. पासष्टीच्या घरात आलेल्या या मनुष्याने पॅरिसला पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. लंडनला जाऊन त्याने पत्र्याचे डबे पाहिले होते. आता तोही ते करू लागला. दुसऱ्याने आपल्या रीतीत केलेली सुधारणा शिकण्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

अन्न का टिकते, हे मात्र आपेरला नीट उमगले नव्हते. गे-ल्युसॅकसारख्या थोर रसायनशास्त्रज्ञालाही बाटलीतील प्राणवायू नाहीसा झाल्यामुळे अन्न टिकते, असे वाटले. खरे कारण पुढे 1860 च्या सुमारास लुई पाश्चरच्या संशोधनातून स्पष्ट झाले. हवेत व अन्नात डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव असतात आणि तेच अन्न नासवितात. उष्णतेने आतले जीव मरतात आणि घट्ट झाकणामुळे बाहेरचे आत येऊ शकत नाहीत. काही चिवट जीव उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. म्हणून आजच्या कारखान्यांत बहुतेक भाज्या व मांस यांचे डबे दाबाखाली त्याहूनही अधिक तापवितात. आपेरचे कारण चुकले होते. परंतु त्याचे हात बरोबर चालले होते.

झाकणाची कथा आपेरपाशी थांबली नाही. ड्युरँडच्या पत्र्याच्या डब्याचे झाकण डाख देऊन बंद करीत. ते उघडावयाचे तर छिन्नी आणि हातोडा घ्यावा लागे, आणि एकदा फोडलेला डबा पुन्हा बंद होत नसे. 1858 साली अमेरिकेत जॉन लँडिस मेसन या कारागिराने काचेच्या बरणीच्या तोंडाला आटे पाडून त्यावर फिरकीचे झाकण बसविण्याचे पेटंट घेतले. हे झाकण फिरवून उघडता येई व पुन्हा घट्ट लावता येई. आजच्या लोणच्याच्या बरण्या, सरबताच्या बाटल्या आणि पुन्हा लावता येणारी नाना तऱ्हेची झाकणे ही याच युक्तीच्या वाटेने आलेली आहेत. मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. उघडलेले झाकण पुन्हा कितीही घट्ट लावले, तरी मध्यंतरी आत शिरलेले सूक्ष्म जीव त्यामुळे बाहेर जात नाहीत. म्हणून उघडलेले अन्न थंड जागी ठेवावे व लवकर संपवावे. नुसते झाकण पुरेसे नाही. उष्णता आणि झाकण या दोहोंची सांगड हेच आपेरचे खरे कौशल्य होते.

1822 साली त्याच्या देशातील त्या मान्यवर संस्थेने त्याला मानवजातीचा उपकारकर्ता ही पदवी देऊन गौरविले. पण पदवीने चूल पेटत नाही. वृद्धपणी तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर दिवस काढीत तो मासी गावी राहिला. 1 जून 1841 रोजी, वयाच्या 91 व्या वर्षी, त्याचे निधन झाले. जगाच्या कोठारात भर घालणाऱ्या या मनुष्याच्या घरी अंत्यविधीपुरताही पैसा नव्हता. गोरगरिबांच्या सामाईक कबरीत त्याला मूठमाती देण्यात आली.

आपेर पेटंट घेता तर कदाचित श्रीमंत होऊन मरता. त्याने ते घेतले नाही. म्हणूनच त्याच्या ग्रंथाची पाने ज्या ज्या घरी पोहोचली, तेथे तेथे अन्न टिकविण्याची कला कोणाचीही परवानगी न घेता शिकता आली. आज जहाजावर, रणभूमीवर, हिमप्रदेशात आणि पूरग्रस्तांच्या छावणीत जेथे जेथे डबाबंद अन्नाने कोणाची भूक भागते, तेथे त्या शालोंच्या पांथशाळेतील मुलाचा हात अदृश्यपणे वाढीत असतो.