हृदयाच्या वाटा शोधणारे शल्यविशारद : डॉ. प्रफुल्लकुमार सेन

समता कॉलोनीतील आमच्या मराठी घरांतून अँजिओग्राफी आणि बायपास हे शब्द आता वरणभाताइतके परिचयाचे झाले आहेत. परंतु साधने तुटपुंजी असताना ज्यांनी या विकाराशी झुंज मांडली, त्या डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचे नाव मात्र नव्या पिढीच्या कानी क्वचितच पडते. म्हणून या सुवर्णमहोत्सवी अंकात त्यांचे स्मरण करावे असे आम्हांस वाटले.

सेन यांचा जन्म १९१५ साली कलकत्त्यात बंगाली कुटुंबात झाला. शालेय शिक्षण नागपुरास, आणि कर्मभूमी मुंबईतील परळ. त्या काळी आपले रायपूर आणि नागपूर एकाच मध्यप्रांतात नांदत होते. परमुलखात जाऊन तेथलेच होऊन राहणे म्हणजे काय, हे आम्हा रायपूरकर मराठी माणसांना निराळे सांगावयास नको!

१९२६ साली स्थापन झालेले परळचे सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले के. ई. एम. रुग्णालय येथेच ते घडले. अध्यापकवर्ग भारतीयच असावा, ही त्या महाविद्यालयाच्या देणगीदारांची अट होती. नगरपालिकेच्या या रुग्णालयात गिरणगावातील कामगार आणि कोकणातून आलेले गरीब रुग्ण यांची रीघ असे. १९५२ च्या सुमारास सेन यांनी तेथे हृदयाच्या आकसलेल्या झडपा मोकळ्या करण्याच्या शस्त्रक्रियांना आरंभ केला.

त्यांच्या संशोधनातील सर्वांत विलक्षण प्रकरण १९६५ चे. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या चोंदल्या, की छातीत कळ येते आणि स्नायू उपाशी राहतो. रोहिणीचा अडथळा ओलांडून नवी वाट काढणारी बायपास शस्त्रक्रिया अमेरिकेत डॉ. फाव्हालोरो यांनी १९६७ मध्ये रुजविली. त्यापूर्वी शल्यचिकित्सकांच्या हाती फारसे काही नव्हते. सेन यांचे लक्ष सापाच्या हृदयाकडे गेले. तेथे स्नायूचे बरेचसे पोषण कप्प्यातील रक्तच परस्पर झिरपून होते. मग माणसाच्या हृदयातही तसे का होऊ नये? डाव्या कप्प्याच्या भिंतीला सुईने बारीक छिद्रे पाडावीत, म्हणजे आतले रक्त थेट स्नायूत उतरेल, अशी ही कल्पना. डॉ. किनरे, डॉ. परूळकर आणि डॉ. उदवाडिया या सहकाऱ्यांसह त्यांनी ती कुत्र्यांवर पारखून प्रसिद्ध केली. अशी छिद्रे कालांतराने बुजतात, हे पुढे दिसून आले, आणि बायपासपुढे सुई मागे पडली. तरीही हीच कल्पना लेसर किरणांच्या रूपाने परतली आणि १९९८ मध्ये अमेरिकेत अशा उपचारास मान्यताही मिळाली. त्याने कळ कमी होते ती नेमकी कशामुळे, यावर वाद राहिला. पण मूळ विचार परळचा, हे आम्ही अभिमानाने नोंदवितो.

१६ फेब्रुवारी १९६८ रोजी सेन यांनी के. ई. एम. मध्ये एका तरुण शेतकऱ्यावर हृदयाचे प्रत्यारोपण केले. डॉ. बर्नार्ड यांच्या पहिल्या प्रयोगास तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. जगातील हे सहावे. रुग्ण तीनच तास जगला. त्याच वर्षी सप्टेंबरात दुसरा प्रयत्न झाला. तो रुग्ण चौदा तास जगला. फुफ्फुसांतील वाढलेला दाब नव्या हृदयाला पेलवला नाही. टीका झाली, आणि ती सर्वस्वी अनाठायी होती असे आम्ही म्हणणार नाही, कारण दोन जीवांचा प्रश्न होता. पण ते दोघेही मृत्यूच्या दारातच उभे होते, हेही ध्यानी घ्यावयास हवे. अवयवदानाचा कायदा आपल्याकडे १९९४ साली झाला आणि त्याच वर्षी दिल्लीस डॉ. वेणुगोपाल यांच्या हातून असे प्रत्यारोपण यशस्वी झाले.

१९६९ साली सेन यांना पद्मभूषण मिळाले. १९८२ मध्ये ते निवर्तले. शस्त्रक्रियागृहाबाहेर ते चित्रे काढीत आणि कविताही करीत.