आचार्य जावडेकर : संपादक आणि अभ्यासक

स्मरणिकेत एका थोर व्यक्तीविषयी लिहायचे ठरले, तेव्हा मी आचार्य शं. द. जावडेकर यांचे नाव कळवले. ते आपल्या भागातले नव्हते, पण त्यांचा विषय आपल्या अगदी जवळचा आहे.

शंकर दत्तात्रेय जावडेकर यांचा जन्म २६ सप्टेंबर १८९४ रोजी कोल्हापूरकडच्या मलकापूरला झाला. तत्त्वज्ञानाचा अभ्यास अर्धवट सोडून ते असहकाराच्या चळवळीत उतरले. इस्लामपूर ही त्यांची कर्मभूमी झाली. १९३०, १९३२ आणि १९४२ साली त्यांना तुरुंगवास घडला. ‘नवशक्ती’, ‘लोकशक्ती’ या पत्रांचे त्यांनी संपादन केले.

रोजच्या बातमीच्या धबडग्यातही त्यांच्यातला अभ्यासक जागा राहिला. १९३८ साली त्यांचा ‘आधुनिक भारत’ हा ग्रंथ आला. रानडे, आगरकर, टिळक, सशस्त्र क्रांतिकारक आणि गांधीजी यांचे मार्ग त्यांनी त्यात शांतपणे तपासले. मार्क्सने दाखवलेले शोषण त्यांना पटत होते, पण हिंसक क्रांती आणि हुकूमशाही मान्य नव्हती. शस्त्राने मिळवलेली सत्ता शस्त्रानेच टिकवावी लागते आणि त्यात लोकशाही मरते, असे त्यांचे मत होते. म्हणून त्यांनी सत्याग्रही समाजवाद मांडला.

ही चर्चा केवळ पुस्तकी नव्हती. फाळणीच्या हिंसेत घरदार गमावून सिंधमधून आलेली माणसे कल्याण कॅम्पच्या बराकींत राहिली. १९४९ मध्ये त्याच वस्तीचे उल्हासनगर झाले. आपल्या वर्गातल्या कितीजणांचे आजी-आजोबा त्यांतलेच! त्याच वर्षी जावडेकर पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. ‘नवभारत’ मासिकाचे ते संपादक होते. १९५० मध्ये साने गुरुजी गेल्यावर ‘साधना’ची धुरा त्यांनी रावसाहेब पटवर्धनांसोबत सांभाळली. १० डिसेंबर १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. निरोप क्षणात लाखोंपर्यंत कसा पोचवायचा, हे आम्हाला जमले आहे. तो माणसांना एकमेकांवर उठवतो आहे का, हे मात्र पाठवणाऱ्यानेच पाहायचे असते. गेल्या निवडणुकीत आपल्या बॅचच्या ग्रुपवर काय झाले, ते सगळ्यांना आठवत असेल. अंबरनाथ-बदलापूरच्या लोकलमध्ये एकाच डब्यात उभे राहणारे मित्र एकमेकांशी बोलेनासे झाले. जावडेकरांनी विरोधकाचे म्हणणे आधी नीट मांडले आणि मगच खोडले. एवढे तरी आपल्याला जमावे.

‘आधुनिक भारत’ची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयाला देत आहे. सवडीने जरूर वाचा.