तुमच्या लॅपटॉपमधला ‘ए’ ड्राइव्ह गेला कुठे?

तुम्ही विंडोजवाला लॅपटॉप वापरत असाल तर जरा ड्राइव्हची यादी उघडून बघा. सी दिसेल, कदाचित डी आणि ई पण दिसतील. मग ए आणि बी कुठे गेले? वर्गात हा प्रश्न टाकला तर मागच्या बाकावरून उत्तर येईल की ते फ्लॉपीचे होते. बरोबर. फ्लॉपीचा जमाना संपला, तरी ही दोन अक्षरं तिच्यासाठी राखलेलीच राहिली. पण टेबलावरच्या छोट्या कॉम्प्युटरवर ही पद्धत रुजवली कोणी?

त्या माणसाचं नाव गॅरी किल्डाल. कॉम्प्युटरच्या इतिहासात तो प्रसिद्ध आहे, पण दुर्दैवाने एकाच किश्श्यासाठी. आयबीएमचे लोक करोडोंचं काम घेऊन दारात आले आणि हा पठ्ठ्या विमान उडवायला गेला होता, हा तो किस्सा. हातची संधी घालवणाऱ्याचं उदाहरण म्हणून तो अनेक भाषणांत येतो. तुम्हीही तो ऐकला असेल, तर आज थोडा वेळ बाजूला ठेवा. आधी त्याने केलं काय ते बघू.

खलाशांच्या शाळेतला मुलगा

गॅरीचा जन्म १९ मे १९४२चा, अमेरिकेतल्या सिॲटल शहरातला. त्याच्या घरची एक शाळा होती. जहाजावर काम करणाऱ्यांना दिशा कशी ठरवायची, नकाशा कसा वाचायचा हे तिथे शिकवलं जाई. आजोबांनी सुरू केलेली ही शाळा पुढे वडील चालवत होते आणि तरुणपणी गॅरीनेही तिथे शिकवलं. गणिताचा शिक्षक व्हायचं म्हणून तो युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये गेला आणि तिथे त्याला कॉम्प्युटर भेटला. मग काय, गणित मागे पडलं.

व्हिएतनाम युद्धाचे दिवस होते. गॅरी नौदलात गेला, पण त्याच्या वाट्याला जहाज न येता वर्ग आला. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे इथल्या नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेत तो कॉम्प्युटर शिकवू लागला. १९७२ मध्ये त्याने पीएचडी पूर्ण केली. तुमच्यापैकी कोणी कम्पायलर डिझाइन शिकत असेल, तर डेटा-फ्लो ॲनालिसिसच्या धड्यात १९७३ सालच्या त्याच्या शोधनिबंधातली पद्धत आजही भेटते. म्हणजे पुढचं काहीही घडलं नसतं, तरी पाठ्यपुस्तकातली त्याची जागा पक्की होती.

डिस्क आहे, पण चालवायची कशी?

१९७१ मध्ये इंटेलने ४००४ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला. तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे खोलीभर यंत्र. नखाएवढी चिप हे काम करू शकेल यावर फार जणांचा विश्वास नव्हता. गॅरीचा बसला. तो इंटेलसाठी सल्लागार म्हणून काम करू लागला आणि या चिप्ससाठी त्याने पीएल/एम नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा तयार केली.

अडचण अशी, की त्याच्याकडच्या छोट्या यंत्रात माहिती साठवायला धड काही नव्हतं. कागदी पट्टीवर भोकं पाडून प्रोग्रॅम ठेवायचा आणि परत वाचायचा. वेळ किती जाई विचारू नका. तेवढ्यात शुगार्ट कंपनीचा आठ इंची फ्लॉपी ड्राइव्ह त्याच्या हाती आला. पण ड्राइव्ह आणि कॉम्प्युटर जोडणारं सर्किट त्याला काही केल्या जमेना. सॉफ्टवेअरमध्ये पीएचडी झालेला माणूस वायरिंगपुढे अडकला होता! शेवटी जॉन टोरोड या युनिव्हर्सिटीतल्या मित्राने ते सर्किट बांधून दिलं. १९७४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्ह या छोट्या गावात, गॅरीच्या घरी, तो ड्राइव्ह एकदाचा चालला.

डिस्कवर फाइल लिहायची, नावाने शोधायची, मेमरीत आणायची, चालवायची, एवढं सगळं सांभाळायला गॅरीने जो प्रोग्रॅम लिहिला, त्याचं नाव सीपी/एम. पडद्यावर ए आणि त्यापुढे एक बाणासारखी खूण यायची, म्हणजे कॉम्प्युटर तुमच्या आज्ञेची वाट बघतोय. इंटेलला ही सिस्टीम विकत घेण्यात रस वाटला नाही. मग गॅरी आणि त्याची बायको डोरोथी यांनी स्वतःच कंपनी काढली. तिचं पहिलं नाव होतं इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च! पुढे ते आवरून नुसतं डिजिटल रिसर्च झालं. गॅरी कोड बघायचा, डोरोथी धंदा.

नाटक तेच, नाट्यगृह वेगळं

आता खरी गंमत. १९७५ नंतर अमेरिकेत छोट्या कॉम्प्युटरच्या कंपन्या भराभर निघाल्या. प्रोसेसर बऱ्याच जणांकडे सारखाच, इंटेलचा ८०८० किंवा त्याचा भाऊबंद झेड८०. बाकी सगळं निराळं. कोणाचा कीबोर्ड वेगळ्या तारेवर, कोणाची डिस्क वेगळ्या पद्धतीची. इम्साय नावाच्या कंपनीला सीपी/एम हवं होतं, पण त्यांचं हार्डवेअर वेगळं. प्रत्येक यंत्रासाठी सगळी सिस्टीम नव्याने लिहायची तर जन्म पुरला नसता.

गॅरीने सिस्टीमचे तुकडे केले. तुम्ही एकांकिका स्पर्धा केली असेल तर हे पटकन कळेल. नाटक तेच असतं, पण पुण्याचं थिएटर वेगळं, सांगलीचं वेगळं. दिवे कुठे, पडद्याची दोरी कुठे, विंग केवढी, हे त्या थिएटरच्या माणसाला माहीत. संहिता बदलायची नाही, फक्त बॅकस्टेज बदलायचं. गॅरीने तेच केलं. फाइल सांभाळणारा मुख्य भाग, म्हणजे आजच्या भाषेत कर्नेल, त्याने एकीकडे ठेवला. त्याला म्हणायचे बीडॉस. तुमच्या आज्ञा वाचणारा भाग वेगळा काढला, तो सीसीपी. आणि हार्डवेअरशी थेट बोलणारी सगळी कामं एका पातळ थरात कोंबली. त्या थराचं नाव ठेवलं बायोस. हो, लॅपटॉप सुरू होताना ज्याच्या सेटिंगमध्ये तुम्ही कधीतरी चुकून शिरला असाल, त्या बायोसचं नाव इथून आलं.

आकार बघा. सीपी/एमच्या २.२ या आवृत्तीत सीसीपी २ किलोबाइटचा आणि बीडॉस साडेतीन किलोबाइटचा. त्या प्रोसेसरला पोहोचता येईल अशी मेमरीच जास्तीत जास्त ६४ किलोबाइट. व्हॉट्सॲपवर येणारा गुड मॉर्निंगचा फोटो बहुतेक वेळा याहून मोठा असतो. त्यातही काटकसर इतकी, की मोठ्या प्रोग्रॅमला जागा कमी पडली तर तो सीसीपीच्या डोक्यावर बसू शकत असे. काम संपलं की सीसीपी डिस्कवरून पुन्हा मेमरीत यायचा.

बसवायची कशी?

समजा, १९७९ साल आहे आणि तुम्ही स्वतः जोडलेला कॉम्प्युटर टेबलावर आहे. टपालाने सीपी/एमची फ्लॉपी आली. ती घातली आणि चाललं, असं होत नसे. फ्लॉपीवरचा बायोस इंटेलच्या यंत्रासाठी लिहिलेला असायचा. तुमच्या यंत्राचा बायोस लिहायचं काम तुमचं.

पण काम मोजकं होतं. आवृत्ती २.२ मध्ये बायोसच्या तोंडाशी १७ नोंदींचा एक तक्ता असे. कीबोर्डवरून एक अक्षर घे, पडद्यावर एक अक्षर टाक, डिस्क निवड, ट्रॅक निवड, सेक्टर निवड, वाच, लिही, अशी ही कामं. एवढे छोटे छोटे तुकडे तुम्ही तुमच्या हार्डवेअरप्रमाणे असेंब्लीत लिहायचे. पुढची पायरी मेमरीची. सिस्टीम मेमरीच्या वरच्या टोकाला राहायची आणि प्रोग्रॅमना खालची सलग जागा मिळायची. कोणाकडे ३२ किलोबाइट, कोणाकडे ६४, त्यामुळे वरचं टोक प्रत्येकाचं वेगळं. मूव्हसीपीएम हा प्रोग्रॅम सगळे पत्ते तुमच्या मेमरीप्रमाणे बदलून द्यायचा. मग त्यात तुमचा बायोस बसवायचा आणि सिसजेनने ते सगळं डिस्कच्या सुरुवातीच्या राखीव ट्रॅकवर लिहायचं. रीसेट दाबायचं. पडद्यावर ए उमटला, की जिंकलात.

यातला एकही तुकडा लिहिताना बीडॉसला हात लावावा लागत नसे. उलट, एका यंत्रावर लिहिलेला प्रोग्रॅम फक्त बीडॉसशी बोलत असेल, तर तो दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावरही चाले. वर्डस्टार आणि डीबेस आधी सीपी/एमवरच वाढले. आई-बाबांना विचारा, त्यांच्यापैकी कोणीतरी गावातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये हे दोन शब्द ऐकलेले असतील, भले त्यांनी ते पुढे डॉसवर शिकलेले असोत. सीपी/एम अखेर सुमारे ३००० प्रकारच्या कॉम्प्युटरवर पोहोचलं. मायक्रोसॉफ्टनेही १९८० मध्ये ॲपल टूसाठी एक कार्ड विकलं, तेही सीपी/एम चालवण्यासाठीच.

ती दुपार

आता तो किस्सा. १९८० मध्ये आयबीएमला आपल्या नव्या पीसीसाठी ऑपरेटिंग सिस्टीम हवी होती. त्यांची माणसं पॅसिफिक ग्रोव्हला आली. त्या सकाळी गॅरी खरंच विमानात होता, पण मजेसाठी नव्हे. तो आपल्या एका ग्राहकाकडे कामासाठी गेला होता. आयबीएमने आधी गोपनीयतेच्या करारावर सही मागितली. तो इतका एकतर्फी होता, की डोरोथीने वकिलाचा सल्ला घेतला आणि सही केली नाही. दुपारी गॅरी परतल्यावर नेमकं काय ठरलं, याबद्दल संबंधितांच्या आठवणी एकमेकांशी जुळत नाहीत. करार झाला नाही, एवढं नक्की.

आयबीएम मायक्रोसॉफ्टकडे वळली. सिॲटलच्याच एका छोट्या कंपनीत टिम पॅटरसनने ८०८६ प्रोसेसरसाठी एक सिस्टीम लिहिली होती. तिच्या आज्ञा आणि प्रोग्रॅमशी बोलायची पद्धत सीपी/एमच्या वळणाची होती, म्हणजे जुने प्रोग्रॅम तिच्यावर आणणं सोपं जाणार होतं. मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली आणि ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम पीसीबरोबर ती डॉस म्हणून बाजारात आली. गॅरीने तक्रार केली. आयबीएमने त्याचीही सिस्टीम विकायचं मान्य केलं. पण किमती बघा: डॉस ४० डॉलर, सीपी/एम-८६ २४० डॉलर. शिवाय ती काही महिने उशिराच आली. तुम्ही असतात तर काय घेतलं असतं?

त्यानंतरचा गॅरी

इथे बहुतेक जण गोष्ट संपवतात. पण गॅरी थांबला नव्हता. १९८५ मध्ये त्याच्या दुसऱ्या कंपनीने एक अख्खा ज्ञानकोश सीडी-रॉमवर आणला. टीव्हीवर कॉम्प्युटर समजावून सांगणाऱ्या एका कार्यक्रमाचा तो अनेक वर्षं सहसूत्रधार होता. १९८८ मध्ये त्याच्या कंपनीने काढलेल्या डीआर-डॉसने मायक्रोसॉफ्टला घाम फोडला. १९९१ मध्ये नॉव्हेलने डिजिटल रिसर्च विकत घेतली. गॅरीकडे पैसा आला. पैशाचा प्रश्न कधी नव्हताच.

प्रश्न होता त्या किश्श्याचा. १९९२ मध्ये त्याच्याच युनिव्हर्सिटीच्या कॉम्प्युटर विभागाने वर्धापनदिन साजरा केला. मुख्य भाषणासाठी बोलावलं बिल गेट्सला, जो तिथला विद्यार्थीही नव्हता. इथे पीएचडी केलेल्या गॅरीला आमंत्रण होतं ते समोर बसायचं. हे त्याच्या जिव्हारी लागलं आणि त्याने आपली बाजू लिहून काढली. ते आत्मकथन त्याच्या हयातीत छापलं गेलं नाही. शेवटच्या वर्षांत दारूने त्याला घेरलं होतं. ११ जुलै १९९४ रोजी, मॉन्टेरेतल्या एका बारमध्ये डोक्याला झालेल्या दुखापतीनंतर तो गेला. वय फक्त ५२.

प्लेसमेंटच्या दिवसांत एक इंटरव्ह्यू हुकला, की आपल्यालाही सगळं संपल्यासारखं वाटतं. मग मित्र, नातेवाईक आणि शेवटी आपण स्वतःही आपल्याला त्या एका दिवसावरून ओळखू लागतो. गॅरीला सगळ्यात जास्त त्रास झाला तो बहुधा याचाच. आपण बांधलेली गोष्ट जगभर चालतेय हे त्याला दिसत होतं, पण लोक विचारायचे ते विमानाबद्दल.

२०१४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्हमध्ये त्याच्या कंपनीच्या जुन्या घरासमोर स्मृतिफलक बसला. त्याच वर्षी कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने सीपी/एमच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांचा सोर्स कोड अभ्यासासाठी खुला केला. आज जगभर हौशी मुलं-मुली झेड८० चिप घेऊन घरी कॉम्प्युटर जोडतात आणि त्यावर सीपी/एम बसवतात. ही चिप बनवणाऱ्या कंपनीने २०२४ मध्ये तिची मूळ आवृत्ती बंद केली, तरी हौस काही बंद झालेली नाही.

तुमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये ८०८५चं किट धूळ खात पडलं असेल, तर तेही याच घराण्यातलं. ते नसेल तर लॅपटॉपवर एम्युलेटर टाका. येत्या सुट्टीत ते १७ तुकडे लिहून बघा. पहिल्या झटक्यात चालणार नाही. एखादा पत्ता चुकेल, डिस्क वाचणार नाही, पडदा काळाच राहील. पुन्हा बघा, पुन्हा लिहा. कधीतरी मध्यरात्री पडद्यावर ए उमटेल. त्या वेळी तुम्हाला गॅरी किल्डालची जी ओळख होईल, ती त्या विमानाच्या किश्श्यातून कधीच झाली नसती.