राजाजींच्या नावाचे उपनगर आणि भाड्याच्या घराची मालकी

बंगळूरच्या राजाजीनगरला ज्यांचे नाव मिळाले, ते चक्रवर्ती राजगोपालाचारी सरकारी नियंत्रणांचे कठोर टीकाकार म्हणून ओळखले जातात. उपनगर मात्र सार्वजनिक पुढाकारातून वसले. परवडणारी भाड्याची घरे कोणाच्या मालकीची असावीत, या प्रश्नाचा विचार करताना मला त्यांचे चरित्र उद्बोधक वाटते.

१० डिसेंबर १८७८ रोजी जन्मलेल्या राजाजींनी बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिक्षण घेतले, सेलम येथे वकिली केली आणि १९१७ ते १९१९ या काळात तेथील नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषविले. १९३७ साली ते मद्रास प्रांताचे पंतप्रधान झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी कर्जबाजारी शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आणला. सावकार आणि ऋणको यांच्या खासगी करारात हस्तक्षेप करण्यास ते कचरले नाहीत. १९५२ मध्ये मद्रासचे मुख्यमंत्री असताना त्यांनीच धान्यावरील नियंत्रणे उठवली. १९५९ मध्ये, ऐंशी वर्षांचे असताना, त्यांनी स्वतंत्र पक्ष स्थापून परमिट-लायसन्स राजविरुद्ध लढा उभारला. २५ डिसेंबर १९७२ रोजी ते निवर्तले.

या निर्णयांत मला विसंगती दिसत नाही. धान्याचा व्यापार खुला केल्याने पुरवठा वाढू शकत होता. ऋणको मात्र सौदा करण्याच्या स्थितीतच नव्हता. भाडेकरूची अवस्था दोहोंसारखी आहे. घरबांधणीला मोकळीक हवीच. परंतु शहरातील जमीन वाढत नाही, आणि दहा महिन्यांचे भाडे अनामत मागण्याची प्रथा असलेल्या बंगळुरात कामगाराला घासाघीस करता येत नाही.

१९४९ मध्ये, राजाजी गव्हर्नर-जनरल असताना, हे औद्योगिक उपनगर आकारास येऊ लागले. पुढे भूखंड व्यक्तिगत मालकीचे झाले आणि तेथील भाड्यांवर समाजाचा अंकुश उरला नाही. केवळ खासगी मालकीनेही प्रश्न सुटत नाही. २०११ च्या जनगणनेत देशाच्या नागरी भागात सुमारे १.१ कोटी घरे रिकामी आढळली.

म्हणून माझे मत असे की, सार्वजनिक जमीन विकू नये. ती दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने सहकारी संस्थांना, न्यासांना किंवा खासगी विकासकांना द्यावी. बांधकाम आणि व्यवस्थापन त्यांनी करावे. भाडेवाढीची आणि अनामतीची मर्यादा पट्ट्यातच नमूद असावी, तसेच घरमालकालाही जलद न्याय मिळावा. शासनाने घरोघरी भाडे गोळा करण्याची गरज नाही; मात्र जमिनीवरील हक्क सोडल्यास भाडेकरूसाठी अटी घालण्याचे साधनच त्याच्या हाती उरत नाही.